उष्टावणाची तयारी: नुसतं वरणाचं पाणी नको!
बाळाला ६ महिने पूर्ण झाले की घरात उष्टावणाची गडबड सुरू होते. पण मुहूर्तासोबत बाळाची तयारीही बघा. मान नीट सावरतं का? आधाराने बसतं का? घास जिभेने बाहेर ढकलत नाही ना?

अनेक घरांत सुरुवात वरणाच्या पाण्याने होते. बाळाचं पोट इवलंसं असतं. ते पाण्यानेच भरतं आणि पोषण कमी मिळतं. त्याऐवजी मऊ, बिनमिठाचा वरण-भात थोडं तूप घालून, गुठळी न ठेवता कुस्करून द्या. चमच्यातून ओघळणार नाही इतका तो घट्ट हवा. आधी दोन-तीन चमचेच पुरेत.

वर्षाचं होईपर्यंत मध चाटवू नका. त्याने बाळ गंभीर आजारी पडू शकतं. आईचं दूध मात्र सुरूच ठेवा.