वास माणसाचा की वस्तीचा?

बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, हे आपल्या घरातले शेंबडे पोरही सांगेल. पुढे त्याच विद्यापीठाचे एक संशोधक विद्यार्थी आपल्या देशात आले. जोएल ली त्यांचे नाव. पीएच.डी.साठी त्यांनी लखनौच्या सफाई कामगारांमध्ये राहून त्यांच्या धर्मजीवनाचा अभ्यास केला. तेव्हा आणखी एक गोष्ट त्यांनी टिपली. ती म्हणजे वास! त्यावर २०१७ साली त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. जात केवळ डोक्यात नसते, ती जागेत आणि नाकातही कोरलेली असते, हे त्याचे सार.

यात नवे ते काय, असे कोणी विचारील. मनुस्मृतीने चांडाळाला गावाबाहेर घातले. गावाची घाण जिथे पडते तिथे आपली वस्ती. मेलेले ढोर ओढायचे तेही आपणच. आणि वर नाक मुरडून म्हणायचे, 'या लोकांना वासच येतो!' खरी मेख इथे आहे. जागेचा आणि कामाचा वास माणसाच्या जन्माला चिकटवला.

आम्ही शाळेत शेवटच्या बाकावर बसायचो. आईने घासूनपुसून आंघोळ घातलेली, सदरा स्वच्छ धुतलेला, तरी शेजारचा मुलगा सरकून बसायचा. घरी येऊन आम्ही पुन्हा हात धुवायचो. साबण झिजला, पण तो वास गेला नाही. जाणार कसा? तो आमच्या हाताला नव्हताच, त्याच्या मनात होता.

आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या अजिंठ्याला सतराव्या लेण्यात एक शिलालेख आहे. त्यात 'गंधकुटी' हा शब्द येतो. तथागतांच्या निवासाला गंधकुटी, म्हणजे सुगंधी कुटी, म्हणत. त्याच तथागतांनी कोमेजलेली फुले उचलून टाकणाऱ्या सुनीताला संघात घेतले. फुलाचा सुवास घेणारा मोठा आणि तेच फूल सुकल्यावर उचलणारा नीच, हा न्याय त्यांनी मानला नाही.

माता-पित्यांनो, मुलाला साबण जरूर द्या, पण लाज देऊ नका. घराशेजारी नाला तुंबला असेल तर महापालिकेला जाब विचारा. बाबासाहेबांनी १९५० साली याच शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केले. तिथे शिकणाऱ्या आपल्या लेकरांनी उद्या या विषयावर लिहावे. परक्या देशातून आलेल्या माणसाला जे जाणवले, ते आपण तर पिढ्यान्पिढ्या सोसले आहे.