लाकडासारखी दिसणारी फरशी

व्हिनाइलच्या पट्ट्या लाकडासारख्या दिसतात, पण त्या थराथरांच्या असतात. तळाशी पीव्हीसी आणि चुनखडीच्या पुडीचा गाभा, त्यावर लाकडी नक्षीचा छापील पापुद्रा, सर्वांत वर पारदर्शक संरक्षक थर. टिकाऊपणा या वरच्या थरावर ठरतो; घरासाठी तो ०.३ मिलिमीटर, वर्दळीच्या खोलीत ०.५ मिलिमीटर घ्यावा.

वरून सांडलेलं पाणी ही फरशी सहज सोसते, खालची ओल मात्र घातक. म्हणून आधी जमिनीवर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून दिवसभर ठेवा. आत थेंब साचले, तर काम थांबवून ओलीचा बंदोबस्त करा. जमीन सपाट हवीच. बसवण्याआधी पट्ट्या ४८ तास त्याच खोलीत ठेवा. खाचेत अडकवायच्या पट्ट्या बसवताना भिंतीलगत सुमारे ८ मिलिमीटर फट सोडा. उन्हाळ्यात पट्ट्या प्रसरण पावतात. जागा नसेल, तर फरशी फुगून उचलली जाते.