बाष्पांची मर्यादा कोणी आखावी?

जबलपूरच्या ग्वारीघाटावर सायंकाळी नर्मदेची आरती चालते, तेव्हा धुपाचा धूर क्षणभर दाटतो आणि नदीवरच्या वाऱ्याबरोबर विरून जातो. बंदिस्त इमारतीत मात्र असे होत नाही. जबलपूर हे कारखान्यांचेही शहर. तेथील तोफगाड्यांचा कारखाना १९०४ सालचा. कोठल्याही कारखान्यातील रंगकामाची जागा घ्या. थिनरमधील टोल्युइनची वाफ हवेच्या तिपटीहून जड. खड्ड्यात, तळघरात ती साचते. नाकावर विसंबावे, तर त्याला वासाची सवय लवकर होते. म्हणून आकडा लागतो.

१९४८ च्या कारखाना कायद्यात वाफा जेथे निघतात तेथूनच त्या खेचून बाहेर टाकाव्यात, अशी आज्ञा होती, आकडा नव्हता. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळ घडले आणि १९८७ च्या दुरुस्तीने आकड्यांची अनुसूची आली. आठ तासांच्या सरासरीने टोल्युइन दहा लाख भागांत १००. भोपाळला सुटलेल्या मेथिल आयसोसायनेटला पाच कोटी भागांत अवघा एक! तपासणी राज्याच्या निरीक्षकाची, पण अनुसूची बदलण्याचा अधिकार केंद्राचा, आणि म्हणून आकडा देशभर एकच.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली आहे. सुरक्षेची सर्वसाधारण मानके केंद्राने घोषित करावयाची. परंतु कारखान्यातील विषारी द्रव्यांची कमाल मर्यादा राज्य सरकारांनी आपल्या नियमांत ठरवावयाची आहे.

श्रोतेहो, राज्यांना अधिकार देणे हे काही वाईट नव्हे. अमेरिकेत टोल्युइनची संघराज्याची मर्यादा २००, तर कॅलिफोर्नियाची केवळ १०! तेथील १९७० च्या कायद्याने राज्यांना स्वतंत्र व्यवस्थेची मुभा दिली. एक अट अशी, की संरक्षण संघराज्याहून उणे असता कामा नये. माझ्या मते खरी मेख या अटीत आहे. कडक होण्याची मोकळीक असावी, सैल होण्याची नसावी. एरवी उद्योग ओढून आणण्याच्या चढाओढीत हा आकडाच आधी वाकेल. बालाघाट मध्य प्रदेशात, लगतचे गोंदिया महाराष्ट्रात. रंगाचा डबा दोन्हीकडे एकच.

नियमांचे मसुदे हरकतींसाठी आधी प्रसिद्ध करावे लागतात. आपल्या राज्याच्या मसुद्यात टोल्युइनपुढे कोणता आकडा लिहिला आहे, हे कामगार संघटनांनी मुदतीच्या आत वाचून घ्यावे.