हशाला गुण कोण देणार?

डहाणू रोड स्थानकापासून बोरिवलीचे अंतर सुमारे ९० किलोमीटर आहे. बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात एखादे विनोदी नाटक लागल्याची जाहिरात वाचून तेथे जायचे ठरवले, तर डहाणूच्या रसिकाला तीन तासांच्या प्रयोगासाठी जवळपास अख्खा दिवस खर्ची घालावा लागतो. १६ एप्रिल २०१३ रोजी उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत आली आणि हा प्रवास थोडा सुकर झाला. तरीही विरारच्या पुढच्या ६४ किलोमीटरवर गाड्या मोजक्याच आहेत. तलासरीहून निघणाऱ्याला तर आधी डहाणू किंवा उंबरगाव गाठावे लागते. दादरच्या प्रेक्षकाला नाटक आवडले नाही, तर तो मध्यंतरात उठून पायी घरी जाऊ शकतो. डहाणूच्या प्रेक्षकाला ही चैन परवडत नाही. कारण नाटक कंटाळवाणे असले, म्हणून परतीची गाडी लवकर सुटत नाही.

अशा प्रेक्षकाला घरातून निघण्यापूर्वी एकच गोष्ट कळायला हवी असते : खरोखर हसू येईल का? जाहिरात याचे उत्तर देत नाही. ‘हास्याचा धबधबा’, ‘पोट धरून हसवणारे’ अशी विशेषणे सर्वच विनोदी नाटकांना लावलेली असतात. थोडेसेच हसू येईल, असे सांगणारी जाहिरात मराठीत आजवर कोणी छापलेली नसावी. ज्याचा तिकीटविक्रीशी संबंध नाही, अशा कोणी तरी पाहून सांगावे, ही गरज त्यामुळेच निर्माण होते. गेल्या पंचवीस वर्षांत इंग्रजी जगात केवळ विनोदाचे परीक्षण करणारी स्वतंत्र संकेतस्थळे उभी राहिली, ती याच गरजेतून.

वास्तविक हास्याची प्रतवारी हा आपल्याकडे नवा विषय नव्हे. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. स्मित आणि हसित हे उत्तम प्रकृतीच्या पात्रांचे, विहसित आणि उपहसित मध्यम प्रकृतीचे, तर अपहसित आणि अतिहसित अधम प्रकृतीचे. गालावर उमटणाऱ्या मंद हास्यापासून डोळ्यांत पाणी आणणाऱ्या गडगडाटापर्यंतची ही पट्टी आजच्या परीक्षकालाही उपयोगी पडेल अशी आहे. मराठीत न. चिं. केळकरांनी १९०८ मध्ये ‘सुभाषित आणि विनोद’ लिहून या विषयाची शास्त्रशुद्ध चर्चा केली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, राम गणेश गडकरी, चिं. वि. जोशी, आचार्य अत्रे, पु. ल. देशपांडे अशी विनोदी लेखनाची सलग परंपराही येथे आहे. विनोदाची मीमांसा भरपूर झाली. परंतु काल रात्री अमुक सभागृहात झालेला विनोद कसा होता, हे सांगणारे लेखन तुलनेने फार थोडे झाले.

माधव मनोहर, ज्ञानेश्वर नाडकर्णी, कमलाकर नाडकर्णी यांच्यासारख्या समीक्षकांनी मराठी नाट्यपरीक्षणाला प्रतिष्ठा मिळवून दिली, हे खरे. मात्र नाट्यपरीक्षणाची चौकट संहिता, दिग्दर्शन, अभिनय, नेपथ्य, प्रकाशयोजना अशी ठरलेली असते. विनोदी कार्यक्रम या चौकटीत नीट बसत नाही. ‘विच्छा माझी पुरी करा’ मध्ये दादा कोंडके त्या त्या दिवसाच्या घडामोडींवर ऐनवेळी कोट्या करीत. मग सोमवारच्या प्रयोगाचे परीक्षण गुरुवारच्या प्रेक्षकाला कितपत लागू पडणार? लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ मध्ये एकटेच पन्नासहून अधिक व्यक्तिरेखा उभ्या करीत. तेथे नेपथ्यावर काय लिहिणार? मराठीने प्रत्येक सादरीकरणाला ‘प्रयोग’ हा शब्द वापरला, तो विनोदाच्या बाबतीत शब्दशः खरा आहे. तोच विनोद, तोच नट, पण समोरचा प्रेक्षक बदलला की निकाल बदलतो.

परीक्षकाची आणखी एक अडचण आहे. शोकांतिकेचा शेवट सांगितला तरी ती पाहण्यातला रस पूर्ण नाहीसा होत नाही. विनोद मात्र आधी सांगितला की संपतो. म्हणजे ज्या गोष्टीचे मूल्यमापन करायचे, तिचेच उदाहरण देता येत नाही. ‘फार हसू आले’ हा पुरावा होऊ शकत नाही आणि ‘हसू आले नाही’ हे मत शेजारच्या खुर्चीत हसून लोळणाऱ्याला पटत नाही. वृत्तपत्रांनी हा प्रांत दीर्घकाळ दुर्लक्षित ठेवला, त्यामागे ही अडचणही असावी.

‘चॉर्टल’ आणि नंतर

ब्रिटनमध्ये ही कोंडी २००० साली फुटली. लंडनमध्ये १९७९ मध्ये ‘कॉमेडी स्टोअर’ सुरू झाल्यानंतर एकट्याने उभे राहून विनोद सांगणाऱ्या कलावंतांची मोठी फळी तयार झाली होती. १९९३ मध्ये न्यूमन आणि बॅडियल या जोडीने वेम्ब्लीच्या प्रचंड सभागृहात कार्यक्रम केला, तेव्हा या कलेचा प्रेक्षक हजारोंच्या संख्येत आहे हे सिद्ध झाले. तरीही वृत्तपत्रांत तिला मिळणारी जागा तुटपुंजी होती. अशा वेळी स्टीव्ह बेनेट या पत्रकाराने ‘चॉर्टल’ हे केवळ विनोदाला वाहिलेले संकेतस्थळ सुरू केले. ल्युइस कॅरॉलने १८७१ च्या आपल्या पुस्तकात घडवलेला हा शब्द खुदखुदणे आणि फुरफुरणे यांच्या संकरातून जन्मला आहे. संकेतस्थळाला इतके चपखल नाव क्वचितच मिळते.

‘चॉर्टल’चे वेगळेपण त्याच्या सातत्यात होते. नामवंतांबरोबरच एखाद्या मद्यगृहाच्या माडीवर पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या नवख्यावरही तेथे गंभीरपणे लिहिले जाऊ लागले. एकाच कलावंताची वर्षानुवर्षांची परीक्षणे एका जागी साठत गेली. गेल्या वर्षीचेच विनोद यंदाही चालू आहेत का, हे वाचकाला पडताळून पाहता येऊ लागले. दुसऱ्या दिवशी रद्दीत जाणाऱ्या कागदावर हे शक्य नव्हते.

या परीक्षणांची खरी सत्ता दिसते ती स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे दर ऑगस्टमध्ये भरणाऱ्या ‘फ्रिंज’ महोत्सवात. १९४७ पासून चालत आलेल्या या महोत्सवात २०१९ साली ३,८०० हून अधिक कार्यक्रम झाले आणि त्यांत विनोदाचा वाटा सर्वांत मोठा होता. एवढ्या गर्दीत प्रेक्षक निवड कशी करणार? परीक्षकाने पाचपैकी चार किंवा पाच तारे दिले की कलावंत त्याच दुपारी ते तारे कागदावर छापून आपल्या भित्तिपत्रकांवर चिकटवतात. अनेक कलावंत पदरचे पैसे घालून महिनाभर तेथे राहतात. दोन ताऱ्यांचे परीक्षण त्यांच्यासाठी रिकाम्या खुर्च्यांचा आणि कर्जाचा प्रश्न ठरू शकतो. दुसरीकडे तारे देणाऱ्या प्रकाशनांची संख्या वाढली, तसे ताऱ्यांचे मोलही घसरले. कोणाचे चार तारे, हे बारीक अक्षरात छापण्याची सोय असतेच.

अमेरिकेत शॉन मॅकार्थी या वृत्तपत्रांत काम केलेल्या पत्रकाराने २००७ मध्ये ‘द कॉमिक्स कॉमिक’ सुरू केले, तर २०१० मध्ये ‘स्प्लिटसायडर’ आले. मोठ्या वृत्तपत्रांना जाग आली ती नंतर. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०११ मध्ये जेसन झिनोमन यांच्याकडे विनोदावरील स्वतंत्र स्तंभ सोपवला.

‘स्वतंत्र’ या शब्दाकडे मात्र जरा सावधपणे पाहावे लागते. ही संकेतस्थळे वृत्तपत्रसमूहांपासून स्वतंत्र होती, पैशाच्या गणितापासून नव्हे. वाचकाकडून शुल्क घ्यायचे नाही, असे एकदा ठरले की उत्पन्न जाहिरातींतून येते आणि विनोदाच्या संकेतस्थळावर जाहिरात कोण देणार, तर बहुधा विनोदी कार्यक्रमांचे आयोजकच. ‘चॉर्टल’ २००२ पासून स्वतःचे पुरस्कार देते आणि विद्यार्थ्यांसाठी स्पर्धाही घेते. म्हणजे परीक्षक, पुरस्कारदाता आणि नव्या कलावंतांना व्यासपीठ देणारा, अशा तिन्ही भूमिका एकाच घरात नांदतात. याने परीक्षण खोटे ठरत नाही, परंतु वाचकाने ते लक्षात ठेवावे. ‘स्प्लिटसायडर’ची वेगळी वाटचाल २०१८ मध्ये संपली आणि ते ‘व्हल्चर’ या मोठ्या समूहाच्या संकेतस्थळात विलीन झाले. एकट्याने रोज रात्री कार्यक्रम पाहून पहाटे लिहिण्याचा हा उद्योग दीर्घकाळ चालवणारे थोडेच असतात.

विनोद आणि पोलिसी बातमी

भारतात २००५ मध्ये ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’ने दूरचित्रवाणीवर एकपात्री विनोदाला घराघरांत नेले. २०१० मध्ये मुंबईत लोअर परळ येथे ‘कॉमेडी स्टोअर’ची शाखा उघडली. पुढे यूट्यूबमुळे या कलेचा विस्तार झाला. विनोदाला वाहिलेले ‘डेडअँट’ हे संकेतस्थळही आले आणि तेथे नव्या कार्यक्रमांची परीक्षणे इंग्रजीतून प्रसिद्ध होऊ लागली.

तथापि सर्वसाधारण भारतीय वाचकाला विनोदकाराची ओळख होते, ती बहुतेक वेळा पोलीस ठाण्याच्या बातमीतून. वरळीत डिसेंबर २०१४ मध्ये झालेल्या ‘एआयबी’च्या कार्यक्रमाची चित्रफीत पुढच्याच महिन्यात प्रसारित झाली आणि गुन्हे दाखल झाले. मुनव्वर फारुकी यांना १ जानेवारी २०२१ रोजी इंदूर येथे अटक झाली. ५ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने हंगामी जामीन देईपर्यंत ते तुरुंगात होते. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामरा यांच्या कार्यक्रमाच्या चित्रफितीवरून खार येथील ‘हॅबिटाट’ या ठिकाणाची शिवसेनेच्या शिंदे गटाच्या कार्यकर्त्यांनी मोडतोड केली. या प्रत्येक प्रसंगी निषेध, समर्थन आणि कायद्याची कलमे यांवर रकानेच्या रकाने भरले. तो कार्यक्रम विनोद म्हणून कसा होता, याची चर्चा जवळपास झालीच नाही. विनोद कसदार होता की सुमार, धारदार होता की नुसताच शिवराळ, हा प्रश्न विचारायला परीक्षकच जागेवर नसला, की तो ‘भावना दुखावल्या का’ एवढ्यावर येऊन थांबतो. महाराष्ट्रात तर नाटकाची संहिता प्रेक्षकाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. या पूर्वपरीक्षणाला अमोल पालेकर यांनी २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. विनोद आधी सरकार वाचते आणि नंतर पोलीस पाहतात. समीक्षकाची पाळी कधी येते, हे कोणी विचारत नाही.

मराठीतील चित्र आणखी विरळ आहे. ‘फू बाई फू’, २०१४ मध्ये सुरू झालेले ‘चला हवा येऊ द्या’, २०१८ पासूनची ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ यांनी विनोदाला अफाट प्रेक्षक मिळवून दिला. ‘भारतीय डिजिटल पार्टी’ अर्थात ‘भाडिपा’ने २०१६ पासून नव्या पिढीची मराठी इंटरनेटवर आणली आणि मराठी स्टँडअपला मंच दिला. पण ‘चॉर्टल’सारखे, कलावंतांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणारे ठिकाण मराठीत उभे राहिले नाही. त्याची जागा भरून काढली आहे ती आकड्यांनी. तिकीट विकणारी संकेतस्थळेच कार्यक्रमाला मिळालेली पसंती दाखवतात. दुकानदारानेच वजनकाटा आणि तोलाई दोन्ही सांभाळावी, तसा हा प्रकार आहे. यूट्यूबवरील दर्शकसंख्या हा दुसरा आधार. परंतु कलावंत आपला मुख्य मजकूर तिकिटाच्या कार्यक्रमासाठी राखून ठेवतात आणि प्रेक्षकांशी झालेल्या उत्स्फूर्त संवादाचे तुकडेच अनेकदा प्रसारित करतात. मिनिटभराच्या तुकड्यावरून दीड तासाचा अंदाज बांधणे म्हणजे एक चिकू चाखून वाडी विकत घेण्यासारखेच आहे.

डहाणू-तलासरीच्या प्रेक्षकाची गरज तर यापेक्षाही वेगळी आहे. येथे घरात वारली, बाजारात मराठी आणि गुजराती असा भाषांचा संसार आहे. वापी जवळ आहे, गुजराती विनोदी नाटकांची ओढही आहे. चिकूच्या वाड्यांमधील इराणी कुटुंबांमुळे पारशी वळणाची गुजरातीही कानांवर पडते. पुण्या-मुंबईच्या इंग्रजीमिश्रित मराठीतला कोट्यांचा खेळ या प्रेक्षकाला कितपत भिडेल, हे मुंबईत बसून दिलेले चार तारे सांगू शकत नाहीत. ‘गावंढळ’ उच्चारांवर किंवा आदिवासी पात्राच्या बोलण्यावर बेतलेला हशा दादरला सहज मिळतो. तलासरीच्या माणसाला तोच विनोद आपल्या अंगावर आल्यासारखा वाटू शकतो. परीक्षकाने तसा उल्लेख केला, तर तिकीट काढायचे की नाही, हे त्याला आधीच ठरवता येईल.

म्हणून परीक्षण वाचताना काही गोष्टी पाहून घेतलेल्या बऱ्या. ते नेमक्या कोणत्या प्रयोगाचे आहे, कोठल्या सभागृहातले आणि कोणत्या तारखेचे. लिहिणाऱ्याने तिकीट स्वतः काढले होते की तो आयोजकांचा पाहुणा होता. स्वतः हसला नसला, तरी सभागृह हसले का, हे त्याने प्रामाणिकपणे नोंदवले आहे का. हशा कोणावर होता, सत्तेवर, स्वतःवर की दुबळ्यावर. भाषा कोणती आणि मुलांना बरोबर न्यावे का. आणि प्रयोग वेळेवर सुरू होऊन वेळेवर संपला का, हेही. या शेवटच्या तपशिलाला मुंबईचे परीक्षक सहसा एक ओळही देत नाहीत.