मारव्यातला षड्ज

सुट्टीला आलेल्या भाचीनं परवा मला विचारलं, "मावशी, तुमच्या शास्त्रीय संगीतात शब्द इनमीन दोन ओळी. त्याही धड कळत नाहीत. मग ऐकणाऱ्याला रडू कशाचं येतं?"

प्रश्न चोख होता. मी पेटी काढली आणि मारवा, पूरिया, सोहनी या तीन रागांचे स्वर वाजवून दाखवले. तिन्हींचे स्वर तेच. षड्ज, कोमल रिषभ, शुद्ध गंधार, तीव्र मध्यम, शुद्ध धैवत आणि निषाद. पंचम तिन्हींत वर्ज्य. भाव नुसत्या स्वरांत असता, तर तिघांनी एकच गोष्ट सांगितली असती. पण पूरिया गंधार-निषादाच्या आधारानं खालच्या सप्तकात रमतो, गंभीर होतो. सोहनी उत्तररात्रीची. ती वरच्या षड्जाकडे झेपावते. आणि दिवेलागणीचा मारवा रिषभ-धैवतावर रेंगाळतो, षड्ज टाळतो. षड्ज म्हणजे घर. तंबोरा ते घर सतत दाखवत असतो आणि गाणारा उंबऱ्यापर्यंत येऊन मागं फिरतो. हुरहूर लागते ती त्यामुळं.

विशीत मी गाणं शिकत होते, तेव्हा मारवा गाताना आवाजात मुद्दाम कंप आणायची. गुरुजी एकदा थांबवून म्हणाले, "तू रडू नकोस. रिषभ नीट लाव. रडायचं काम ऐकणाऱ्याचं."

याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

आई गेली तेव्हा अण्णा एकदाही रडले नाहीत. आल्यागेल्याला चहा विचारत होते, हिशेब लिहीत होते. तेरावं झालं, पाहुणे पांगले. त्या संध्याकाळी त्यांनी उस्ताद अमीर खाँ यांची जुनी तबकडी लावली. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होते. संथ आलापी चालली होती. कसली घाई नाही, टाळीसाठी एकही हरकत नाही. सूर रिषभावर थांबत होता, धैवतावर थांबत होता. बाहेर डोकावले, तर अण्णांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला होता. खांदे हलत होते. अंधारून आलं होतं, तरी मी दिवा लावला नाही.

खाँसाहेब १९७४ सालीच गेलेले. आमच्या आईचं नावही त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यांनी त्या गाण्यात आमचं दुःख घातलं नव्हतं. फक्त जागा मोकळी ठेवली होती. अण्णांनी तेरा दिवस कुठंच न उतरवलेलं ओझं तिथं नेऊन ठेवलं.

रागाला स्वतःचा भाव नसतो, असं मात्र मी म्हणणार नाही. किशोरीताई आमोणकर आयुष्यभर तोच शोधत राहिल्या. 'स्वरार्थरमणी' हा ग्रंथ त्यांनी रागाच्या रसाविषयीच लिहिला. मला एवढंच वाटतं, की राग दार उघडतो. आत कुणी यायचं, ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

भाची हे सगळं निमूट ऐकत होती. मी पुन्हा पेटीवर मारवा धरला. रिषभ, धैवत, निषाद, पुन्हा रिषभ. यंदा हॉस्टेलवर राहायला गेलेली ती पोर थोड्या वेळानं कासावीस होऊन म्हणाली, "मावशी, आता सा दे ना!"

मी मुद्दामच आणखी थोडा वेळ दिला नाही.