संध्याकाळची धार

मागच्या वेळी आपण गटाच्या कर्जातून शेळी घेताना काय बघावं ते बोललो. आजही शेळीचंच बोलायचं आहे, पण करडांचा आणि पैशांचा हिशोब बाजूला ठेवून. दारू सोडलेल्या माणसाला घरातल्या जनावराचा आधार होतो का, हा आजचा विषय.

हा प्रश्न आमच्या बैठकीतच निघाला. गटातल्या एकीचे मालक व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आले होते. ती म्हणाली, "ताई, दिवसभर ठीक असतंय. दिवेलागणीला मात्र ह्यांचा जीव थाऱ्यावर राहत नाही. उंबऱ्यात येतात, आत जातात, परत येतात." तिच्या सासूबाईंनी सुचवलं, एखादी शेळी घेऊ. लगेच मागून आवाज आला, "घ्या की! इकायला एक जिन्नस झाला." सगळ्या हसल्या, पण बोलणं खोटं नव्हतं. त्याआधी आम्हीच ती चूक केली होती. एका घरी दारू सोडून आठवडाही झाला नव्हता, तोवर आम्ही उत्साहानं शेळी दिली. तिसऱ्या बाजाराला शेळी गेली. पैसे कुठं गेले ते सांगायला नको. हप्ते त्या बाईनं खुरपणी करून फेडले.

म्हणून आधी क्रम नीट समजून घेऊ. जनावर म्हणजे औषध नाही. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम दारू थांबवली तर हात थरथरतात, झोप उडते, कुणाला फिट येते, दोन-तीन दिवसांनी नसलेली माणसं दिसायला लागतात. यात जीवही जाऊ शकतो. बाहेरचं काही लागलं म्हणून अंगारा लावत बसू नका, दवाखाना गाठा. बीडला जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. फोनवर विचारायचं असेल तर नशामुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या आजारासाठी टेली-मानसचा १४४१६, हे दोन्ही नंबर फुकट लागतात.

पुण्याचं मुक्तांगण तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली ते सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला मदतीचा हात दिला. तिथं व्यसनी माणसांच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा वेगळा गट चालतो, कारण नवऱ्याच्या दारूनं बायकोही आतून आजारी पडलेली असते. दारू सुटल्यावर दिवसाचे जे तास रिकामे पडतात, त्यांचं काय करायचं हा सगळ्या घरांचा प्रश्न. अनिल अवचट स्वतः बासरी वाजवायचे, लाकूड कोरायचे, कागदाच्या घड्या घालून आकार करायचे. आपल्या माणसांच्या हाताला बासरी नसेल, पण दाव्याची गाठ त्यांना झोपेतही मारता येते.

तल्लफ येते ती लाटेसारखी. चढते, आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात उतरते. तेवढा वेळ हात आणि डोकं दुसरीकडं गुंतलं पाहिजे. आता बघा, प्यायची वेळ आणि जनावराची वेळ एकच, दिवेलागण. पाणी दाखवायचं, पाला टांगायचा, धार काढायची, करडं डालायची. आपली उस्मानाबादी शेळी दुधाला काही फार नाही, पण तिला वेळ कळते. उशीर झाला की ओरडून गल्ली गोळा करते.

दुसरं कारण आम्हाला जास्त मोठं वाटतं. दारू सोडून घरी आलेल्या माणसावर घरात कुणाचा भरवसा नसतो. बायको तोंडाचा वास घेते, खिसे तपासते, लेकरं तो आला की गप्प होतात. यात बायकोची चूक नाही, तिनं सोसलेलं असतं. पण शेळीला मागचं काही माहीत नसतं. वेळेवर पाला आणणारा आपला, एवढंच तिचं गणित.

हे आपल्यालाच सुचलं असंही नाही. इंग्लंडात यॉर्क गावी १७९६ साली मनोरुग्णांसाठी 'रिट्रीट' नावाची संस्था निघाली. साखळदंडाऐवजी तिथं आवारात कोंबड्या आणि ससे ठेवले होते, रुग्णांचा जीव त्यांच्यात रमावा म्हणून. अलीकडं, २०१९ साली, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्य विद्यापीठात असं दिसलं की कुत्र्या-मांजरांना दहा मिनिटं कुरवाळल्यावर विद्यार्थ्यांच्या लाळेतलं ताणाचं संप्रेरक कमी झालं. ते विद्यार्थी होते, दारू सोडणारे नव्हते, म्हणून त्यातून फार मोठा अर्थ काढू नये. ताण हलका होतो, एवढं खरं.

तर त्या घरी आम्ही लगेच शेळी दिली नाही. तीन महिने त्या भाऊंनी शेजारच्या म्हातारीच्या दोन शेळ्यांची संध्याकाळ सांभाळायची, असं ठरलं. सांभाळली. मग गाभण शेळी घेतली. कर्ज बायकोच्या नावावर, शेळी तिच्या नावावर, विम्याचा बिल्ला कानात, आणि गटाला विचारल्याशिवाय विकायची नाही. एक अट सासूबाईंनी घातली: लेंड्या झाडायच्या त्यानंच. ही अट सगळ्यात महत्त्वाची. नाहीतर आधार त्याला आणि झाडलोट आपल्याला, असं होतं. मग ती शेळी नुसतं वाढीव काम.

रागात जनावरावर हात उचलणारा माणूस असेल तर तिथं जनावर ठेवूच नका. कुत्र्याचं पिल्लू पाळलं तर रेबीजची लस आधी टोचून घ्या.

शेळी मध्यरात्री व्याली, भाऊ कंदील घेऊन बसून होते. दोन करडं झाली. सगळं गोड झालं असं मात्र नाही. पोळ्याच्या दिवशी दुसऱ्यांच्या बैलांच्या मिरवणुकीत गेले आणि पिऊन आले. शेळी रात्रभर उपाशी ओरडत राहिली. बायकोनं ठरवून पाला टाकला नाही. आम्हाला ते पटलं नाही, मुक्या जिवाचा त्यात काय दोष? पण सकाळी भाऊंनी स्वतःच पाला टाकला, आणि केंद्रात फोनही स्वतःच लावला.

आता दसरा जवळ आलाय. उचल घेतलेली आहे, कोयता कारखान्यावर जाणार. कोपीवरची संध्याकाळ कशी असते, ते आपल्यातल्या निम्म्या जणींना सांगायला नको. म्हणून तिनं मुकादमाला विचारलं, ट्रॅक्टरमध्ये एक शेळी आणि दोन करडं बसतील का? आधी तो नाहीच म्हणाला. मग सासूबाई गेल्या. आता बसतील म्हणतोय.