वीरगळ आणि पांढरी सायकल

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाच्या चौकटीत वीर पडलेला. शेजारी गाई असतील तर तो गोधन राखताना गेला असे समजावे. त्यावर अप्सरा त्याला नेताहेत, त्याहून वर तो शिवलिंगापुढे बसला आहे आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. ते आहेत तोवर ही आठवण राहो, एवढाच त्याचा अर्थ. सेत्तर आणि सोन्थायमर यांनी संपादित केलेला स्मारकशिलांवरचा १९८२चा ग्रंथ हाती आल्यापासून मला वाटेत थांबून दगड बघायची खोड लागली.

बारामती-इंदापूरकडे फिरताना आता नव्या खुणाही मला थांबवतात. चार विटांचा कट्टा, वाळका हार, पुण्यस्मरणाचा फ्लेक्स. हा माणूस लढाईत पडलेला नसतो, सायकलवरून घरी निघालेला असतो.

अमेरिकेतील सेंट लुईस शहरात २००३ साली, मोटारीने सायकलस्वाराला उडवले त्या जागी कोणी एक सायकल पांढरी रंगवून ठेवली. ‘इथे सायकलस्वाराला धडक बसली’ एवढीच पाटी. ही ‘घोस्ट बाइक’ पुढे अनेक देशांत गेली. तिच्यात ना अप्सरा, ना स्वर्ग. मला हे मोलाचे वाटते. आपल्याकडे मेलेल्याचा देव करण्याची घाई असते. राजस्थानात पालीजवळ अपघातात गेलेल्या तरुणाची बुलेटच पुजली जाते. देव झाला, की धडक कशी बसली हे विचारायचे राहून जाते.

सरकारी मोजणीचा हिशेब वेगळा. राष्ट्रीय महामार्गावर साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात किंवा दहा मृत्यू झाले, तर तो ‘ब्लॅक स्पॉट’. एकटा सायकलवाला त्यात बसत नाही. कट्टा मात्र एकासाठीही बांधला जातो.

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे कारखाने पेटले, की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या रात्रीही रस्त्यावर असतात. मागे रिफ्लेक्टर नसेल तर अंधारात ट्रॉली दिसत नाही, आणि दिवा नसलेली सायकल तर नाहीच नाही.

धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तर १ एप्रिल २०२२पासूनच्या केंद्रीय योजनेत मृताच्या वारसांना दोन लाख रुपये मिळतात. आधी पंचवीस हजार होते. अर्ज अपघात झाला त्या भागातील प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायचा. पुण्यस्मरणाच्या फ्लेक्सवर याची एक ओळ छापायला जागा असते.